सासूबाईंच्या लघवीची पिशवी जांभळी झाली आहे. कुणाला असा अनुभव आहे का?

आडवाटेची_सून | ९ जून, सकाळी ७:५२

नमस्कार. राजापूरजवळच्या एका वाडीतून लिहिते आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. मार्गशीर्षात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धंच राहिलं. तेव्हापासून अंथरुणात आहेत आणि लघवीला नळी आहे. मी आणि धाकटा मुलगा घरी असतो, हे मुंबईला.

काल पहाटे पडवीतून उजेड आला तेव्हा खाटेला अडकवलेल्या पिशवीकडे लक्ष गेलं. पिशवी जांभळी! फिकट नाही, पिकल्या जांभळासारखी. आदल्या दिवशी मुलाने जांभळं आणली होती आणि मी आईंना चार भरवली होती, म्हणून आधी वाटलं त्याचाच रंग. पण पिशवी मोरीत रिकामी केली तर तांब्यात पडलेली लघवी गढूळ पिवळीच होती, वास मात्र उग्र. पिशवी रिकामी झाली तरी जांभळीच. नळीचा पिशवीकडचा भागही निळसर दिसतो आहे.

ताप नाही, दोनदा बघितला. पेज घेतात, माझ्याकडे बघून हसतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुणीतरी काहीतरी केलंय, देवाला गाऱ्हाणं घाल. मी गाऱ्हाणं घालीनच, पण हे नक्की काय आहे ते कळलं पाहिजे. रात्रभर झोप नाही.

तिठ्यावरचा | ८:१०

ताई, घाबरू नका, पण आज डॉक्टरांना दाखवाच. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तोंडी सांगून पटत नाही कुणाला.

सड्यावरचा_वारा | ८:२६

जांभळांचा काही दोष नाही, त्यांना सोडून द्या :) लहानपणी टोपल्याच्या टोपल्या संपवल्या आहेत. जीभ जांभळी, सदरा जांभळा, आईच्या माराने पाठही जांभळी, पण लघवी कधी नाही.

निवृत्त_सिस्टर | ९:०५

आडवाटेची सून, मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली. अशा पिशव्या पाच-सहा वेळा पाहिल्या आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीसुद्धा पिशवी हातात धरून खिडकीपाशी उभी राहिले होते. हा ओळखीचा प्रकार आहे, त्याला जांभळ्या पिशवीचा विकारच म्हणतात. करणीबिरणी काही नाही. रंग स्वतः आईंना काही करत नाही.

आता माझ्या चार प्रश्नांची उत्तरं द्या. आईंना संडासला होऊन किती दिवस झाले? नळी शेवटची कधी बदलली? नळी लाल-पिवळट रबराची आहे की पारदर्शक सिलिकॉनची? दिवसभरात पाणी किती जातं पोटात?

आडवाटेची_सून | ९:३१

सिस्टर, तुम्ही लिहिलंत तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला. संडासला पाच दिवस झाले नाहीत. नळी पिवळट रबराची आहे, बदलून दोन महिने होत आले. बदलायला येणारे ब्रदर लग्नसराईत गावाला गेले ते आलेच नाहीत. पाणी कमी जातं हे खरं. ठसका लागतो म्हणून मी भीतभीतच देते.

निवृत्त_सिस्टर | ९:४०

मग तुमच्या चारही उत्तरांत तो जांभळा रंग आहे बघा. साध्या रबराच्या नळीला दोन महिने फार झाले. दोन-तीन आठवड्यांत, फार तर महिन्याभरात ती बदलायला हवी. सिलिकॉनची असेल तर बारा आठवड्यांपर्यंत चालते, तीही मध्येच तुंबली नाही तर.

घाटाखालचा_डॉक्टर | दुपारी १:१५

ओपीडी आटोपून वाचतो आहे. सिस्टरांनी नाडी बरोबर पकडली. हा रंग येतो कुठून ते सांगतो, कारण ते कळलं की भीती निम्मी होते.

आपण डाळ, दूध, मासे, अंडी खातो त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. आतड्यातले जिवाणू त्यातल्या थोड्या भागाचं इंडोल करतात. बद्धकोष्ठ असलं की अन्न आतड्यात जास्त वेळ पडून राहतं आणि इंडोल जास्त बनतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं आणि मूत्रपिंडं ते लघवीत टाकतात. इथपर्यंत तुमच्या-माझ्या शरीरातही हेच चालतं, रंग कसलाच नसतो. पण लघवीत प्रोव्हिडेन्सिया, क्लेब्सिएला, प्रोटिअस, मॉर्गनेला असे जिवाणू ठाण मांडून बसले असतील, तर त्यातले काही त्या रेणूचा सल्फेटचा तुकडा तोडतात. उरलेल्याचा हवेशी संबंध आला की दोन रंग तयार होतात: इंडिगो निळा आणि इंडिरुबिन तांबडा. लघवी अल्कधर्मी असेल तर हे आणखी सहज होतं. हे रंग पाण्यात विरघळत नाहीत, प्लास्टिकमध्ये मात्र मुरतात. म्हणूनच ताईंनी तांब्यात ओतली तेव्हा लघवी पिवळी आणि पिशवी जांभळी. ही तांब्याची गोष्ट माझ्या कित्येक रुग्णांच्या नातेवाइकांनी बघितलेलीच नसते. ताई, तुमची नजर चांगली आहे.

१९७८ साली लॅन्सेटमध्ये याची पहिली नोंद झाली, ती पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या पिशव्यांची. नंतर बहुतेक नोंदी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आहेत, बद्धकोष्ठ आणि बरेच दिवसांची नळी असलेल्या. आईंचं वर्णन तंतोतंत तसंच आहे.

माड_सुपारी | १:३८

थांबा, इंडिगो म्हणजे आपली नीळ? धोतराला घालतात ती?

घाटाखालचा_डॉक्टर | १:४४

नीळच, पण निळीच्या झाडापासून काढायचे ती, तोच रेणू. धोतराला घालतात ती बाजारची नीळ बहुतेक वेगळी असते. झाडातही तो रंगहीन रूपात दडलेला असतो. पाला कुजवून, पाणी घुसळून हवा लागली की निळा होतो. पिशवीत तेच काम जिवाणू करतात.

माड_सुपारी | १:५०

माझी आजी निळीची पुरचुंडी पाण्यात फिरवायची ते डोळ्यांसमोर आलं. अवांतराबद्दल माफी.

खाजा_लाडू | २:२०

माझ्या आजयेची पिशवी पण अशीच झाली होती, कुडाळाक. घरात सगळ्यांका वाटला कोणीतरी करणी केल्यान. काको घाडयाक (करणी उतरवणाऱ्याक) बोलवक निघालो. मी नर्सिंगचा शिकतंय, मी म्हटलंय, आधी आजयेक संडासाक कितके दिवस झाले नाय ता इचारा. आठ दिवस! एनिमो दिल्यानी, नळी बदलल्यानी, तिसऱ्या दिसाक पिशवी साफ. घाडी बिचारो वाटेतसूनच परत गेलो, पण त्याकाय चाय पाजली आमी.

पंधरा_पायऱ्या | ४:०२

आमच्या वडिलांची पिशवी जांभळी झाली तेव्हा लगेच अँटिबायोटिक इंजेक्शनं सुरू केली होती, सात दिवस. इथे कुणी औषधाचं नावच काढत नाही. लघवीत जिवाणू आहेत हे डॉक्टर स्वतःच म्हणतात, मग थांबायचं कशासाठी?

घाटाखालचा_डॉक्टर | रात्री ९:१०

प्रश्न रास्त आहे. नळी घातली की रोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जिवाणू शिरतात. महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत ते असतात. म्हणजे सहा महिने नळी असलेल्या माणसाची लघवी कधीही तपासा, जिवाणू सापडणारच. माणसाला त्रास नसेल तर त्यावर औषध देत नाहीत, कारण जिवाणू जात नाहीत, चिवट तेवढे मागे उरतात आणि खरंच गरज पडते त्या दिवशी औषध लागू पडत नाही. ताप, थंडी, पोटात किंवा कमरेत दुखणं, अचानक सुस्ती किंवा भ्रम, रक्तदाब उतरणं, यातलं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

आणि कल्चर (लघवीतले जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी) करायचं झालंच तर पिशवीतली लघवी पाठवू नका. आधी नळी बदला, नव्या नळीतून आलेली ताजी लघवी द्या. जुन्या नळीला आतून जिवाणूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो, अहवाल त्या थराचा येतो, रुग्णाचा येत नाही.

खाडीपलीकडे | रात्री १०:४५

मला इथे वेगळं बोलायचं आहे, आणि ते कुणाला घाबरवायला नाही.

माझे वडील मधुमेही होते, प्रोस्टेटमुळे नळी होती. पिशवी आधी जांभळी झाली. कुणीतरी सांगितलं की हे निरुपद्रवी असतं, आणि आम्ही ते शब्द उशाशी घेऊन झोपलो. आठ-दहा दिवसांनी पिशवीत बुडबुडे दिसायला लागले. सोड्याच्या बाटलीसारखे, नळीतून लघवी आणि हवा आलटून पालटून यायची. भावाला वाटलं जोडणी सैल आहे, त्याने चिकटपट्टी लावली. त्याच रात्री वडील थरथर कापायला लागले. ज्या दवाखान्यात नेलं तिथे मलेरियाची तपासणी करून सलाईन लावलं आणि सकाळी बघू म्हणाले. साखर ४०० च्या वर होती. सकाळी पुढे घेऊन गेलो, तिथे सीटी स्कॅनमध्ये मूत्राशयाच्या भिंतीतच हवा भरलेली दिसली. जिवाणू साखर आंबवून आत गॅस करत होते. तीन आठवडे रुग्णालयात काढले. वाचले, पण नंतर पहिल्यासारखे उभे राहिले नाहीत.

म्हणून सांगते, रंग निरुपद्रवी असेल, ज्याच्या पिशवीला तो आला तो माणूस सुखरूप आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ताई, सासूबाईंना साखर आहे का?

आडवाटेची_सून | रात्री ११:०२

वाचून हात गार पडले. साखर आहे, गोळी चालू आहे. बुडबुडे नाहीत, आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. उद्या सकाळीच सगळं करते.

घाटाखालचा_डॉक्टर | १० जून, सकाळी ६:४०

खाडीपलीकडे, तुम्ही हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. माझ्या कालच्या प्रतिसादात मधुमेहाचा उल्लेख यायला हवा होता, तो राहिला. मधुमेही रुग्णाच्या पिशवीत किंवा नळीत हवा दिसली तर ती सैल जोडणी समजू नये. मूत्रपिंडातही असा गॅस होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. ताई, आज साखर तपासाच, ताप पुन्हा बघा. काखेतला ताप म्हाताऱ्या माणसात फसवतो. त्यापेक्षा आई नेहमीसारख्या बघतात का, घास गिळतात का, तुम्हाला ओळखतात का, याकडे लक्ष द्या.

आंबेवाला_देवगड | सकाळी ८:१५

विषय नळीचा निघालाच आहे तर आमच्या घरचं सांगतो. आंब्याच्या हंगामात घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन चढणारी माणसं आमच्याकडे दरवर्षी पडतात. तीन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ पडला, मान आणि पाठीच्या मधोमध मणका गेला. छातीखाली काही कळत नाही, नळी कायमची.

एका रात्री त्याचं डोकं फुटायला लागलं. तोंड लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब आणि पाय मात्र थंड, काटा आलेले. तो ओरडतोय आणि आम्हाला वाटतंय अटॅक आला. आडवा करून पंखा लावला तर आणखी वाढलं. आशाताईंनी बीपी बघितलं, वरचं २१०. एरवी त्याचं १०० असतं. नशीब की त्यांनी चादर उचलली. नळी त्याच्याच मांडीखाली दाबली गेली होती, पिशवी संध्याकाळपासून कोरडी. नळी सोडवली, लघवीचा लोंढा आला आणि दहा मिनिटांत बीपी उतरलं.

नंतर कळलं की छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झालेल्यांना हे होतं. मूत्राशय तुंबलं की खालचं शरीर धोक्याची घंटा वाजवतं, पण मेंदूचा उलटा निरोप खाली पोहोचत नाही, म्हणून रक्तदाब चढतच जातो. त्या वेळी आडवं करायचं नाही, बसतं करायचं, कपडे सैल करायचे आणि नळी पायापासून वर तपासत जायची. नळी मोकळी असून असं झालं तर पोट साफ नसणं हे पुढचं कारण. संसर्गानेही होतं. मी हे सगळं कागदावर लिहून त्याच्या खाटेच्या वर चिकटवलंय, कारण रात्री कोण जवळ असेल सांगता येत नाही.

निवृत्त_सिस्टर | ८:५०

देवगडकर, तो कागद प्रत्येक मणक्याच्या रुग्णाच्या घरात हवा. १०८ च्या माणसालाही दाखवा, सगळ्यांनाच हे माहीत असतं असं नाही.

पिशवीच्या बाबतीत माझं एक जुनं दुखणं आहे ते सांगून टाकते. रिक्षातून पेशंट आणताना पिशवी मांडीवर किंवा छातीवर ठेवतात. का, तर खाली लोंबकळते, लोक बघतात. घाटात दोन तास तशीच! पिशवीतली जुनी लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. लाज वाटत असेल तर कापडी पिशवीत घालून खाली धरा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि रिकामी करताना तोटी भांड्याला लावू नका.

कातळावरचं_फूल | ११:२०

आजीला लघवीची जळजळ झाली की आम्ही कोकम सरबत देतो. आंबट असल्याने लघवी आम्लधर्मी होते आणि जिवाणू मरतात असं वाचलंय. या जांभळ्या पिशवीवर चालेल का? धने-जिऱ्याचं पाणीही देतो.

घाटाखालचा_डॉक्टर | दुपारी १:३०

सरबत पोटात पाणी जातं म्हणून चांगलं, त्यात साखर घातली नसेल तर ताईंच्या आईंनाही चालेल. पण जिभेला आंबट लागलेलं लघवीत आंबट उतरतं असं नाही. लिंबाचंच बघा, त्यातल्या सायट्रेटमुळे लघवी उलट अल्कधर्मी होते.

यावरून एक महत्त्वाचं. जळजळ म्हटलं की मेडिकलवाला अल्कलायझर (लघवी अल्कधर्मी करणारं) सिरप पुढे करतो. साध्या जळजळीला ठीक. पण कायमची नळी आहे आणि लघवीत प्रोटिअससारखा जिवाणू आहे, तिथे ते मनाने देऊ नका. हा जिवाणू युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी आधीच अल्कधर्मी झालेली असते, त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार खाली बसतात आणि नळीच्या टोकाला चुन्यासारखं कवच धरतं. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याने तपेल्याला बसतं ना, तसंच. मग नळी तुंबते, बाजूने लघवी गळायला लागते, आणि नळी आत टिकून राहावी म्हणून टोकाशी जो फुगा असतो त्यावर कवच बसलं असेल तर नळी काढताना रक्त येतं. वारंवार तुंबणाऱ्या नळीमागे कित्येकदा मूत्राशयात खडा झालेला असतो.

पंधरा_पायऱ्या | २:०५

बाजूने गळायला लागली की आमच्याकडे जाडी नळी घालायचे. म्हणजे तेही चूक होतं?

निवृत्त_सिस्टर | २:१८

बहुतेक वेळा हो. आधी तुंबलीय का, पोट साफ आहे का, पीळ पडलाय का ते बघायचं. जाड नळीने आतला दाह वाढतो.

चाकरमानी_परळ | रात्री ९:३३

आमच्या मावशीचं थोडक्यात. नळी तुंबलेली, लघवी कमी, मावशी दोन दिवस नुसती झोपलेली. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा झोप. सगळ्यांना वाटलं वय झालं, शेवट आला, आम्ही मुंबईहून गाडी काढली. यकृत ठीक, मेंदूचा स्कॅन ठीक. एका तरुण डॉक्टरने रक्तातला अमोनिया तपासायला सांगितला, तो खूप वाढलेला. तोच अमोनिया, जो वर डॉक्टरांनी सांगितला. तुंबलेल्या मूत्राशयातून रक्तात शिरला होता. नळी बदलली, औषध सुरू केलं, चौथ्या दिवशी मावशी विचारते, तुम्ही सगळे का जमलात? तेव्हापासून म्हातारं माणूस सुस्त पडलं की आमच्या घरात वय झालं असं म्हणायला बंदी आहे.

तिठ्यावरचा | १२ जून, सकाळी ९:००

ताई, काय झालं पुढे? वाट बघतोय.

आडवाटेची_सून | १३ जून, रात्री ८:४०

उशीर झाला, क्षमा करा. इथे दोन दिवस पाऊस कोसळतोय, वीज नव्हती, फोन बंद.

१० तारखेला डॉक्टर घरी आले. साखर २६०, गोळी वाढवली. ताप नाही, रक्तदाब ठीक, पोट दाबल्यावर आई कळवळल्या नाहीत. नळी बदलली. जुनी नळी बाहेर आली तेव्हा टोकाला खरखरीत पांढरी पुटं होती, बोटाला रेतीसारखी लागली. नव्या नळीतून कल्चरला पाठवलं. अँटिबायोटिक दिलं नाही, पण अहवाल हाती ठेवू आणि ताप आला तर त्याच क्षणी फोन करा असं म्हणाले. पोट साफ व्हायला सिरप दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी झालं एकदाचं. ठसक्यासाठी बसवून, मान किंचित खाली करून चमच्याने पाणी द्यायला शिकवलं. आता दिवसाकाठी सव्वा लिटर जातं, मी भिंतीवर रेघा मारते आहे.

नवी पिशवी आज तिसऱ्या दिवशी पिवळी आहे. काकूंना मी जुनी पिशवी आणि तांब्या दोन्ही दाखवलं आणि निळीचं सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, माझ्या नणंदेची अशीच झाली होती गं, आम्ही तिला कुणाला भेटू दिलं नव्हतं.

खाडीपलीकडे | रात्री ९:०५

साखर उतरेपर्यंत रोज बघा हो. मी वाट बघत होते तुमच्या उत्तराची.

आडवाटेची_सून | ५ जुलै, संध्याकाळी ६:१५

कल्चरमध्ये प्रोव्हिडेन्सिया आणि ई-कोलाय आले. ताप नसल्याने औषध नाहीच दिलं. साखर आता १५० च्या आसपास. मधल्या आठवड्यात तीन दिवस पोट अडलं आणि पिशवीच्या कडेला पुन्हा अगदी फिकट जांभळी छटा आली. या वेळी मी आधी आईंचा चेहरा बघितला, मग नळी वरून खालपर्यंत, मग सिरपची बाटली काढली.

नळीला २५ दिवस झाले. या वेळी सिलिकॉनची घालू म्हणाले डॉक्टर, पण राजापुरात मिळाली नाही. रत्नागिरीहून कुणी येणार आहे का या आठवड्यात?

निवृत्त_सिस्टर | ६:३०

मी रत्नागिरीतच आहे. जुन्या नळीच्या जोडाशी छापलेला नंबर कळवा, बहुतेक १४ किंवा १६ असेल. दोन घेऊन ठेवते, एक घरात शिल्लक असू दे. पावसात घाट आणि रस्ते कधी बंद होतील नेम नाही. एसटीच्या ड्रायव्हरकडे देते, तिठ्यावरून कुणी उतरवून घेईल का?

तिठ्यावरचा | ६:३४

मी घेतो. गाडीचा नंबर आणि वेळ सांगा.